आजचें आसन आणि कालचें शरीर

पुणें शहराच्या दक्षिणेकडील दारांत, म्हणजे स्वारगेटच्या चौकांत, सकाळीं साडेसहाच्या सुमारास कोणी उभा राहिला तर त्याला दोन प्रकारचीं माणसें दिसतील. पहिला प्रकार गांवाला निघालेल्यांचा. त्यांच्या हातांत पिशव्या असतात, कडेवर झोंपाळलेलीं मुलें असतात, आणि डोळे साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या एस्. टी.कडे लागलेले असतात. २०२४ च्या सप्टेंबराअखेर भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली, तेव्हांपासून या गर्दींत जमिनीखालून वर येणाऱ्या उतारूंचीहि भर पडली आहे. दुसरा प्रकार कोठेंहि न जाणाऱ्यांचा. हे लोक सारसबागेच्या कडेनें झपझप चालत पर्वतीचा पायथा गांठतात, शंभरावर पायऱ्या चढतात, देवाला हात जोडतात, आणि जसे गेले तसे घरीं येऊन चहा घेतात.

पर्वतीवरील देवालय नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ मध्यें उभारलें. त्या काळापासून आजवर टेकडीनें कोणासाठीं आपली उंची कमीजास्त केलेली नाहीं. परंतु चढणाराला तसें वाटत नाहीं. सोमवारीं ज्या पायऱ्या गप्पांच्या ओघांत संपल्या, त्याच बुधवारीं अर्ध्यावर धाप लावतात. मग कठड्याला टेकून तो गृहस्थ सोबत्याला म्हणतो, “काल तर कांहींच झालें नव्हतें हो.” या ‘काल’ शब्दांत एक तक्रार भरलेली आहे. ती टेकडीविरुद्ध नाहीं. स्वतःच्या शरीराविरुद्ध आहे. शरीरानें जणूं कांहीं एक करार केला होता आणि तो आज मोडला, अशा तऱ्हेची ती तक्रार असते.

योगासनें करणाऱ्या घराघरांतून हीच तक्रार ऐकूं येते, आणि तेथें ती अधिक बोचते. टेकडी चढणाराला निदान ऊन, वारा आणि सोबत्याचा वेग यांच्यावर ठपका ठेवतां येतो. सतरंजीवर मनुष्य एकटा असतो. तेथें ठपका ठेवायला दुसरें कोणी सांपडत नाहीं.

एक घर कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावें. स्वारगेटपासून हांकेच्या अंतरावर, मुकुंदनगरांत, तिसऱ्या मजल्यावरचें. आजोबा बँकेंतून निवृत्त झालेले, सत्तरी गांठलेले. सून महाविद्यालयांत शिकविणारी. नातू दिवसभर संगणकासमोर मान घालून बसणारा. आजोबांनीं साठाव्या वर्षीं आसनें शिकण्यास आरंभ केला, आणि दहा वर्षांत क्वचितच एखादा दिवस चुकविला. पश्चिमोत्तानासनांत कपाळ गुडघ्याला टेकतें ही त्यांची मोठी मिरास. आल्यागेल्याला ती सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. एके थंड सकाळीं कपाळ टेकेना. बोटें घोट्यापाशींच अडलीं. सून कडेला उभीच होती.

“बाबा, आज राहूं द्या तेवढ्यावर. कंबर आंखडलेली दिसते.”

“छे ग! परवांपर्यंत टेकत होतें,” असें म्हणून आजोबांनीं श्वास कोंडला आणि एक झोंका घेतला. मांडीच्या मागें कांहींतरी चरकन् फाटल्यासारखें झालें. पुढचे दीड महिने ते काठी टेकून घरांतल्या घरांत वावरले. पाय बरा झाला तेव्हां त्यांनीं सतरंजी गुंडाळून कपाटाच्या डोक्यावर ठेवून दिली. “आतां वय झालें,” एवढेंच त्यांनीं त्यावर भाष्य केलें.

वरवर पाहतां झोंका घेणारे आजोबा आणि सतरंजी गुंडाळणारे आजोबा एकमेकांच्या अगदीं उलट वागले. एकांत जिद्द दिसते, दुसऱ्यांत निराशा. परंतु नीट पाहिलें तर दोन्ही वेळां त्यांच्याकडून एकच गोष्ट राहून गेली. त्या दिवशींच्या शरीराकडे त्यांनीं पाहिलेंच नाहीं. पहिल्या वेळीं त्यांनीं परवांच्या शरीराला प्रमाण मानलें, दुसऱ्या वेळीं उद्यांच्या म्हातारपणाला. मधल्या मध्यें आजचें शरीर तसेंच बसून राहिलें.

शरीर रोज बदलतें हें विधान कोणी कीर्तनांतला उपदेश म्हणून ऐकूं नये. तें फूटपट्टीनें मोजतां येतें. पाठीच्या मणक्यांमध्यें ज्या लवचीक चकत्या असतात, त्या रात्रीं निजलें असतां पाणी शोषून फुगतात, आणि दिवसभर उभें राहिल्यानें व बसल्यानें दाबल्या जातात. त्यामुळें मनुष्य सकाळीं उठतांना जितका उंच असतो त्यापेक्षां रात्रीं एक ते दोन सेंटिमीटर ठेंगणा होऊन अंथरुणावर पडतो. फुगलेल्या चकत्यांमुळें उठल्याबरोबर खोल पुढें वांकणें कंबरेला जड जातें, आणि तेव्हांच बळ करणें धोक्याचें असतें. शरीराची उष्णताहि एकसारखी नसते. पहाटे ती सर्वांत कमी असते, दुपार टळल्यावर सर्वांत अधिक, आणि हा फरक अर्ध्या ते एक अंश सेल्सिअसपर्यंत असतो. स्नायु उबदार असले कीं सैल सुटतात. म्हणजे सकाळचा मनुष्य आणि संध्याकाळचा मनुष्य हे सुद्धां एक नव्हेत. मग परवांचा आणि आजचा एक कसे असतील? याखेरीज झोंप, जेवण, ताप, काळजी, ऋतु यांचा हिशोब वेगळाच. रक्तांतील तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. जें हाड दगडासारखें स्थिर वाटतें त्याचाहि सुमारें दहावा हिस्सा दर वर्षीं मोडून नवा बांधला जातो. आजोबांच्या ज्या मांड्या साठाव्या वर्षीं वांकूं लागल्या, त्या मांड्या सत्तराव्या वर्षीं राहिल्याच नव्हत्या.

भारतीय शास्त्रकारांना या बदलाचें वावडें नव्हतें. पतंजलींच्या योगसूत्रांतील तिसऱ्या पादांत परिणामांचा, म्हणजे पालटांचा, एक सविस्तर विचार आलेला आहे. वस्तु तीन रीतींनीं पालटते असें तेथें प्रतिपादन आहे. तिचा धर्म पालटतो, काळाशीं असलेला तिचा संबंध पालटतो, आणि तिची अवस्था पालटते. मातीच्या गोळ्याचा घट झाला हा पहिला पालट. घडण्यापूर्वीं तो घट भविष्यांत होता, आतां वर्तमानांत आला, फुटला कीं भूतांत जाईल, हा दुसरा. आणि वर्तमानांत असतांनाच तो क्षणाक्षणाला जुना होत जातो, हा तिसरा. व्यासभाष्यांत याच ठिकाणीं एक दृष्टांत दिला आहे, जो कोणाहि अंकगणित शिकविणाराच्या तोंडीं शोभेल. एकच रेघ शतकाच्या स्थानीं ठेवली तर शंभर होते, दशकाच्या स्थानीं दहा, एककाच्या स्थानीं एक. तसेंच एकच स्त्री कोणाची आई, कोणाची मुलगी, कोणाची बहीण असते. रेघ पालटली नाहीं आणि पालटलीहि. मुलांना स्थानिक किंमत शिकवितांना ज्यांचे घसे बसतात, अशा मास्तरांना हा दृष्टांत वाचून मौज वाटेल.

त्याच भाष्यांत पुढें चौथ्या पादांत वस्त्राचें उदाहरण आहे. कितीहि जपून ठेवलेलें वस्त्र एके दिवशीं जीर्ण झालेलें दिसतें. तें जीर्णपण त्या दिवशीं अचानक आलेलें नसतें. क्षणांच्या रांगेंतून तें येत होतें, फक्त शेवटीं डोळ्यांना दिसलें. पेटींतील पैठणी घडीवर विरलेली पाहून ज्या गृहिणीला धक्का बसला असेल, तिला हें निराळें समजावून सांगावयास नको. मुकुंदनगरांतील आजोबांनाहि जो धक्का बसला तो असाच. मांडी एका सकाळींत आंखडली नव्हती. मागील कित्येक महिने ती थोडी थोडी बदलत होती. परंतु कपाळ टेकलें कीं झालें या एका खुणेवर त्यांची दृष्टि खिळल्यामुळें मधले पालट त्यांना दिसलेच नाहींत.

पतंजलींनीं चित्ताचा विक्षेप करणारे नऊ अंतराय सांगितले आहेत. व्याधि, संशय, आळस हे त्यांतले सर्वांच्या ओळखीचे. नववा मात्र फारसा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. त्याचें नांव अनवस्थितत्व. एखादी पायरी एकदां गांठल्यावर तिच्यावर टिकतां न येणें, असा त्याचा अर्थ. हा अंतराय नवशिक्याचा नव्हे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ज्यानें कांहीं मिळविलें त्यालाच तो आडवा येतो. उपाय म्हणून अभ्यास आणि वैराग्य अशी जोडी सांगितलेली आहे. वैराग्य म्हटलें कीं सामान्य माणसाला भगवीं वस्त्रें आठवतात. पण रोजच्या सतरंजीवर वैराग्याचें काम फार साधें असतें. काल जें साधलें तें आज मागूं नये, इतकेंच. ज्याला श्रीखंड सोडतां येतें त्याला हें साधेलच असें नाहीं.

या सर्व गोष्टी पुण्यानें केवळ ग्रंथांतून ऐकलेल्या नाहींत. ज्या मनुष्याच्या आयुष्यांत त्या घडल्या, तो सत्याहत्तर वर्षें याच शहरांत राहिला. बेळ्ळूर कृष्णम्माचार सुंदरराज अय्यंगार यांचा जन्म १४ डिसेंबर १९१८ रोजीं म्हैसूर संस्थानांतील कोलार जिल्ह्यांत, बेळ्ळूर या खेड्यांत, इन्फ्लुएंझाच्या सांथींत झाला. वडील शाळामास्तर होते. मुलगा नऊ वर्षांचा असतांना ते वारले. हिंवताप, विषमज्वर आणि क्षय यांनीं मुलाचें शरीर पोखरून टाकलें होतें. १९३४ मध्यें त्याच्या बहिणीचे यजमान तिरुमलै कृष्णम्माचार्य, जे म्हैसूरच्या राजवाड्यांत योग शिकवीत, त्यांनीं त्याला आपल्याकडे नेलें. गुरु कडक होते. एकदां चार प्रतिष्ठित लोकांसमोर त्यांनीं या मुलाला हनुमानासन करून दाखविण्याची आज्ञा केली. तें आसन मुलाला ठाऊक नव्हतें. आज्ञा मोडतां येईना, म्हणून पाय पुढें मागें ताणून तें त्यानें केलें, आणि मांडीमागचे स्नायु फाटून पुष्कळ काळ त्याला नीट चालतां येईनासें झालें. आजोबांच्या त्या सकाळीशीं या प्रसंगाचें नातें जवळचें आहे. फरक इतकाच कीं, एकाला गुरूनें सांगितलें, दुसऱ्याला परवांच्या आपल्याच शरीरानें.

डॉ. व्ही. बी. गोखले हे बेळगांवास सिव्हिल सर्जन होते. त्यांनीं कृष्णम्माचार्यांच्या मंडळींचीं प्रात्यक्षिकें पाहिलीं होतीं. निवृत्त होऊन ते पुण्यास आल्यावर त्यांच्या खटपटीनें डेक्कन जिमखान्यानें एक शिक्षक मागविला, आणि १९३७ सालीं अठरा वर्षांचे अय्यंगार सहा महिन्यांच्या बोलीनें येथें आले. त्यांना मराठी येत नव्हतें. इंग्रजीहि यथातथाच, मॅट्रिकला त्याच विषयांत ते नापास झाले होते. ज्यांना शिकवायचें ते कॉलेजांतले विद्यार्थी शिक्षकापेक्षां धट्टेकट्टे होते. मग शिकविण्यासाठीं शिकणें भाग पडलें. दिवसाचे कित्येक तास ते एकटेच अभ्यास करीत. कधीं कधीं चहा आणि नळाचें पाणी यांवर दिवस काढीत. सहा महिन्यांची बोली वाढत तीन वर्षें झाली, ती संपल्यावरहि ते पुण्यांतच राहिले. १९४३ मध्यें रमामणि त्यांच्या घरांत आल्या. त्यांना योग ठाऊक नव्हता. पतीनेंच तो त्यांना शिकविला, तो अशासाठीं कीं, आपलें आसन कोठें चुकतें हें पाहायला दुसरे डोळे असावेत. आपलें आजचें शरीर आपल्याला दिसत नाहीं, शेजारच्याला दिसतें. सासऱ्याच्या कंबरेकडे पाहून ‘आज राहूं द्या’ म्हणणारी सून तेंच काम करीत होती.

१९३८ मध्यें म्हैसूर येथें घेतलेला एक मूक चित्रपट उपलब्ध आहे. त्यांत कृष्णम्माचार्य आणि तरुण अय्यंगार आसनें करतांना दिसतात. एकोणीस वर्षांचें तें शरीर एका आसनांतून दुसऱ्यांत इतक्या वेगानें जातें कीं पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. पुढें १९५२ मध्यें व्हायोलिनवादक यहुदी मेन्यूहिन यांची मुंबईस गांठ पडली, त्यांच्यामुळें युरोपचीं दारें उघडलीं, आणि १९६६ मध्यें लंडनला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, जो मराठींत ‘योगदीपिका’ या नांवानें परिचित आहे. इंग्रजींत नापास झालेल्या मुलाचा ग्रंथ जगांतील अनेक भाषांत गेला, ही गोष्ट परीक्षकांनीं मनावर घ्यावी अशी आहे. त्या ग्रंथांत दोनशे आसनें आणि ५९२ छायाचित्रें आहेत. छायाचित्रांतील शरीर चाळिशीच्या आसपासचें, ऐन बहरांतलें आहे.

येथें थोडें थांबलें पाहिजे. ज्या दिवशीं छायाचित्र निघतें त्या दिवशींचें शरीर कागदावर कायम राहतें, आणि ज्याचें तें शरीर तो मात्र पुढें चालत जातो. जगभर हजारों लोक तीं चित्रें समोर ठेवून स्वतःला मापूं लागले. ‘आपला गुडघा असा कां येत नाहीं’ या प्रश्नानें किती जण कष्टी झाले असतील, तें सांगवत नाहीं. परंतु त्या चित्रांशीं सर्वांत अवघड स्पर्धा होती ती खुद्द त्यांतील मनुष्याची.

१९७९ मध्यें, साठी ओलांडल्यावर, अय्यंगारांना स्कूटरचा अपघात झाला. कांहीं महिन्यांतच दुसरा. खांदे, पाठीचा कणा आणि गुडघे दुखावले. ज्यांचीं अत्यंत कठीण आसनें पाहायला दूरदूरचे लोक येत, त्यांना अगदीं प्राथमिक आसनेंहि करतां येईनात. तत्पूर्वींच, १९७३ मध्यें, रमामणिबाई निवर्तल्या होत्या, आणि त्यांच्या नांवें १९७५ च्या जानेवारींत मॉडेल कॉलनींत योगसंस्था उघडली होती. म्हणजे बाहेर कीर्ति शिखरावर होती, घरांत ते दुसरे डोळे राहिले नव्हते, आणि शरीर नवशिक्याचें झालें होतें. अशा मनुष्यापुढें दोनच सोपे मार्ग असतात, जे आजोबांपुढें होते: एक झोंका, नाहीं तर कपाटाचें डोकें. गुरु झालेल्या मनुष्याला तर तिसराहि असतो. तो स्वतः करणें सोडून केवळ दुसऱ्यांना सांगत राहूं शकतो.

अय्यंगारांनीं यांपैकीं एकहि पत्करला नाहीं. ते पुन्हां पहिल्या धड्यापासून सुरू झाले. जीं साधनें त्यांनीं दुबळ्या आणि आजारी विद्यार्थ्यांसाठीं वर्षानुवर्षें घडविलीं होतीं, लांकडी ठोकळे, पट्टे, भिंतीचे दोर, घडीची लोखंडी खुर्ची, लोड आणि घोंगड्या, त्यांचा आधार त्यांनीं स्वतःच्या शरीराला दिला. पहिल्या तरुणपणीं ते शरीरावर हुकूम चालवीत. आतां त्यांना त्याचें आर्जव करावें लागलें. हा क्रम महिन्यांचा नव्हता. सुमारें दहा वर्षें गेलीं, आणि तेवढ्यानेंहि पूर्वीचें सगळें परत आलें नाहीं. बरेंचसें आलें, आणि जें आलें त्यावर त्यांनीं पुढचीं पंचवीस वर्षें अभ्यास चालविला. नव्वदी उलटल्यावरहि ते रोज कांहीं तास साधनेला बसत. त्या वयांतील त्यांचीं आसनें दीर्घ काळ टिकणारीं, आधार घेतलेलीं, शांत अशीं होतीं. १९३८ च्या चित्रपटांतील झपाटा त्यांत नव्हता, परंतु त्या मुलाला अर्धा तास एका आसनांत निवांत राहतां आलें असतें कीं नाहीं, याची शंकाच आहे. २० ऑगस्ट २०१४ रोजीं, पंचाण्णवाव्या वर्षीं, पुण्यांतच त्यांचें देहावसान झालें.

त्यांची कन्या गीता अय्यंगार (१९४४ ते २०१८) यांनीं या विचारांत एक भर घातली, जिचें महत्त्व पुरुषांच्या सहसा लक्षांत येत नाहीं. स्त्रियांसाठीं लिहिलेल्या ग्रंथांत त्यांनीं मासिक पाळी, गरोदरपण, बाळंतपणानंतरचा काळ आणि पाळी थांबण्याचें वय यांसाठीं निरनिराळे अभ्यासक्रम दिले. पाळीच्या दिवसांत उलटीं आसनें वर्ज्य, आधार देऊन केलेलीं विश्रांतीचीं आसनें योग्य, अशी ती व्यवस्था आहे. स्त्रीचें शरीर महिन्याच्या महिन्याला पालटतें हें कोणीहि नाकारूं शकत नाहीं, म्हणून तिला आजचा धडा आज ठरविण्याची संवय अधिक लवकर लागते. पुरुष मात्र आपलें शरीर चुन्याच्या भिंतीसारखें कायमचें समजतो, आणि पोपडा निघाला कीं भिंतीवर रागावतो.

येथें एक रास्त आक्षेप निघतो. रोज ‘आज जमत नाहीं’ म्हणण्याची मुभा दिली तर शिस्त कोठें राहिली? औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, आपल्या संस्थानांतील शाळांत ते सुरू केले, आणि स्वतः वर्षानुवर्षें नेमानें घातले. त्यांनीं जर रोज सकाळीं शरीराला ‘तुझी इच्छा काय’ असें विचारलें असतें, तर सूर्यनमस्कार औंधच्या वेशीबाहेर तरी पडले असते काय? नेम पाहिजे यांत वाद नाहीं. पतंजलींनींहि अभ्यास दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक असावा असेंच म्हटलें आहे. पण अखंड राहायचें तें काय, हें ठरविलें पाहिजे. वेळ अखंड असावी, सतरंजी अखंड असावी, लक्ष अखंड असावें. आकार रोज तोच असावा असें पतंजलि म्हणत नाहींत. आसनाला त्यांनीं अवघीं तीन सूत्रें दिलीं, आणि त्यांत स्थैर्य व सुख मागितलें, प्रयत्न सैल पडावा असें सांगितलें. कपाळ कोठें टेकावें याचा तेथें उल्लेखहि नाहीं.

म्हणून आळशी मनुष्य आणि स्वीकार करणारा मनुष्य यांतला फरक ओळखणें कठीण नाहीं. आळशी मनुष्य शरीराला सतरंजीवर आणण्यापूर्वींच निकाल देऊन टाकतो. दुसरा आधीं उभा राहतो, हात वर करतो, थोडा वांकतो, आणि मग आज कोणतें आसन कोणत्या मर्यादेपर्यंत, तें ठरवितो. ताण स्नायूच्या मध्यावर, पसरलेला, श्वासाला न अडविणारा असेल तर तो कामाचा. सांध्याच्या टोंकाशीं सुईसारखी कळ आली, किंवा श्वास आपोआप कोंडला गेला, तर आजची हद्द संपली. डावी आणि उजवी बाजू कधींच सारखी नसते. जी आंखडलेली तिच्यापासून आरंभ करावा. रक्तदाब वाढलेला असेल किंवा डोळ्यांत काचबिंदु असेल तर शीर्षासनाच्या वाटेला जाऊं नये, मग तें तीस वर्षें केलेलें असो. या शेवटच्या गोष्टीवर पुष्कळ जुने साधक रुसतात. वैद्यानें मिठाई बंद केली तर ते निमूट ऐकतात. शीर्षासन बंद केलें तर जणूं पदवी काढून घेतली असें त्यांना होतें.

खुद्द अय्यंगारांनीं आपल्या ग्रंथांत सकाळ आणि संध्याकाळ यांचा भेद नमूद केला आहे. सकाळीं शरीर ताठर असतें पण मन ताजें असतें. संध्याकाळीं शरीर मोकळें होतें. दोन्ही वेळा चांगल्या, दोहोंचे गुण निराळे. नोकरदार घरांतून हा विचार उपयोगी पडेल. नातवाची मान दिवसभराच्या संगणकानें आंखडते, त्याला संध्याकाळची वेळ सोयीची. सुनेला दिवसांतून एकदांच, पहाटेची, अर्धी घटका मोकळी सांपडते. तिनें पहाटेच्या ताठर शरीराशीं भांडूं नये. एका घरांत तीन सतरंज्या, तीन वेळा आणि तीन अभ्यास असले म्हणून घराचा एकोपा बिघडत नाहीं.

आतां मुकुंदनगरांतील त्या कल्पित घरीं परत जाण्यास हरकत नाहीं. कपाटाच्या डोक्यावरील सतरंजी तीन महिने तशीच होती. नातवानें ती एका रविवारीं खालीं काढली, झटकली आणि पसरली.

“आजोबा, मान फार दुखते. एखादें आसन सांगा ना.”

“मला आतां कांहीं येत नाहीं रे.”

“करूं नका. नुसतें सांगा.”

आजोबा खुर्चींत बसून सांगूं लागले. सांगतां सांगतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं मुलाचा डावा खांदा उजव्यापेक्षां वर चढतो. तें दाखविण्यासाठीं ते उठले. दाखवून झाल्यावर पुन्हां खुर्चींत बसण्याऐवजीं खालींच बसले, आणि पाय पुढें पसरले. सून स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभी राहिली. बोलली कांहीं नाहीं. आजोबांनीं हात पुढें केले. बोटें गुडघ्याच्या थोडीं खालीं जाऊन थांबलीं. मांडीमागें ताण आला, तो त्यांनीं कांहीं वेळ नुसता पाहिला. श्वास चालूं होता.

“सूनबाई,” ते म्हणाले, “तो नेसायचा जुना पट्टा असेल तर आण. आणि खालीं घालायला एक घोंगडी.”

तिनें दोन आणल्या.